सुनेच्या नावाची नळी

सोलापुरात मी डॉक्टर आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "दवाखाना कुठं?" दवाखाना नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. गोळ्या देत नाही, इंजेक्शन देत नाही, मग करता काय? कर्करोग घराण्यात कसा उतरतो ते बघते, असं मी सांगते. त्यावर आमच्या भाजीवालीनं एकदा विचारलं होतं, "नुसतं बघताच व्हय?" खरं आहे, नुसतं बघतेच. सगळी उमर त्यात गेली आणि अजून कंटाळा आलेला नाही.

माझा जन्म इथलाच. आई दुधनीकडची, त्यामुळे घरात लाड मराठीत आणि रागावणं कानडीत. शिक्षणासाठी पुण्याला गेले, तिथून परदेशात. परदेशातल्या प्रयोगशाळेत बसून जगभरच्या गाठींमधली जनुकं वाचली, त्यावर लिहिलं, थोडंफार नावही झालं. मग पन्नाशीच्या अलीकडे परत आले. लोक म्हणतात, गावाच्या ओढीनं आली. ओढ होतीच, पण कारण जरा स्वार्थी होतं. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, आत्याच्या घरी मुलगी देतात, पिढ्यान्‌पिढ्या तीच दोन-तीन घरं एकमेकांत गुंतलेली असतात. आनुवंशिकता शिकलेल्या माणसाला याहून मोठी मेजवानी नाही.

आमच्या कामात आधी घराण्याचा तक्ता काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ, नात्यातलं लग्न असलं तर दुहेरी. इतर ठिकाणी हा तक्ता झाडासारखा खाली पसरत जातो. आमच्याकडे रेघा फिरून पुन्हा त्याच चौकोनात येतात. मी पहिल्यांदा असा तक्ता परदेशातल्या माझ्या सहकाऱ्याला पाठवला, तेव्हा त्यानं कळवलं की चुकून चादरीचं डिझाइन आलंय. त्याला सोलापूर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण बोलला बरोबर.

आईची एक सवय इथंच सांगून टाकते. मी परगावी निघाले की ती दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. म्हणजे माझी सगळी इडापिडा तिनं स्वतःकडे घेतली. मला तेव्हा नवं नवं शिक्षण चढलेलं. मी म्हणायचे, "आई, माझा चष्मा तुझ्याकडूनच आलाय, तो घे की परत." ती म्हणायची, "घेतला असता गं, जमलं असतं तर." आता ती नाही. निघताना गालांना काहीतरी कमी पडल्यासारखं मला अजून वाटतं.

तर मला जे सांगायचं आहे ते भवानी पेठेतल्या एका घराचं. खाली टॉवेलचे माग, वर घर. मूळचे अक्कलकोट तालुक्यातले. या घरची सून एक दिवस माझ्याकडे आली. शाळेत गणित शिकवणारी, तिशीच्या आतली, पदरी एक लहान मुलगी. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मला गाठ वगैरे काही नाही. मला फक्त होय की नाही एवढं कळायला पाहिजे."

तिची आजी पोटाच्या कर्करोगानं गेली होती, अंडाशयापासून सुरू झालेला. थोरली आत्या स्तनाच्या कर्करोगानं, चाळिशी गाठायच्या आत. वडील ठणठणीत होते, दुधनीला अडत दुकान चालवत होते. पण त्यांची तपासणी आम्ही केली होती आणि त्यांच्या एका जनुकात बिघाड सापडला होता. असा बिघाड पुरुषात बहुधा गपचूप बसून राहतो आणि मुलाबाळांत उतरतो. प्रत्येक मुलात उतरेलच असं नाही. निम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखी.

"निघालं तर काय करायचं ठरवलंय?" मी विचारलं. हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो आणि सगळे "बघू" म्हणतात. ती म्हणाली, "निघालं तर दुसरं मूल नाही. घरात सगळ्यांना पाहिजे आहे, मलाही पाहिजे आहे. पण माहीत असताना पुढं द्यायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही."

मी तिला सांगितलं की बिघाड असला तरी मूल होऊ देता येतं, उपाय आहेत, वेळेत तपासण्या केल्या की पुष्कळ सांभाळता येतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक आहे, पण माझं ठरलंय." गणिताच्या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तिच्यासोबत तिची सासू आली होती. सासू म्हणजेच तिची धाकटी आत्या, वडिलांची सख्खी बहीण. आत्याच्या घरीच दिलेली ही. लग्नाला पाच-सहा वर्षं होऊनही ती सासूला आत्याच म्हणायची. मी त्यांना अक्का म्हणू लागले. साठीला टेकलेल्या, कपाळाला विभूती, हातात सतत काहीतरी काम. माझ्या टेबलावरच्या फायली त्यांनी बोलता बोलता सरळ रचून ठेवल्या. मी म्हटलं, "अक्का, खरं तर तुमचीही तपासणी करायला पाहिजे. तुमच्या आईला होतं, बहिणीला होतं."

"माझं काय आता," त्या म्हणाल्या. "माझं समदं बघून झालंय. पोरीचं बघा." आणि विषय मिटवला. बळजबरी करायची नाही हा आमचा नियम आहे. तो मला नेहमीच आवडतो असं नाही.

आम्ही लाळेचा नमुना घेतो. प्लास्टिकची एक नळी, तिच्यात खुणेपर्यंत थुंकायचं, झाकण लावायचं, बस्स. जगात सगळीकडे हे सर्वांत सोपं समजतात. सोलापुरात रक्त मागा, बाटलीभर देतील. लाळ मागितली की माणसं खाली बघायला लागतात. उष्टं कसं द्यायचं? तेही शिकलेल्या बाईच्या हातात? या कारणानं आम्ही नळ्या घरी नेऊन देतो आणि दुसऱ्या दिवशी उचलतो. ज्यानं त्यानं आपापल्या मोरीत जाऊन काय ते करावं. भवानी पेठेतली नळी अशीच श्रावणात घरी गेली आणि सुनेचं नाव लिहून परत आली.

निकाल आला. बिघाड होता.

असे निकाल मी पुष्कळ वाचलेत. पण हा वाचला आणि चहा तसाच ठेवून उठले. तिचं "माझं ठरलंय" कानात होतं. सही करायची बाकी होती, कारण सहीच्या आधी आम्ही एक पडताळणी करतो. एका घरातले नमुने एकमेकांशी ताडून बघतो, बाप बापच आहे ना, लेक लेकच आहे ना. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर ती इथं पकडली जाते. हे काम माझी सहायक करते. नातेपुत्याची मुलगी, कामाला वाघीण. ती दार लोटून आत आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ही त्यांची मुलगी न्हाय."

 आमच्या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. कर्करोग परवडला. वर्षातून एखाद्या वेळी असं काही निघतं, तेव्हा आम्ही तोंडाला कुलूप घालतो आणि कुलूप कायम ठेवतो. मला त्या मुलीची आई आठवली, दुधनीची, एकदा नवऱ्याबरोबर येऊन मला शेंगाची चटणी देऊन गेलेली. मला त्या क्षणी माझ्या यंत्राचा, विद्येचा आणि एकूण सगळ्याचाच राग आला.

मग मी स्वतः आकडे बघायला बसले, आणि बघता बघता राग जाऊन डोकं चालायला लागलं. ही बाई त्या माणसाला परकी नव्हती. चांगलंच साम्य होतं, रक्ताचं जवळचं नातं होतं, फक्त लेकीचं नव्हतं. लेकीला प्रत्येक जनुकाची एक प्रत बापाकडून येते, म्हणून कुठंही बघा, दोघांत काहीतरी सारखं असतंच. बहीण-भावांचं तसं नसतं. दोघंही एकाच आईबापांकडून घेतात, पण आपापलं वेगळं घेतात. काही ठिकाणी दोघांचं अगदी एक निघतं, काही ठिकाणी एक कणही जुळत नाही. इथं तसंच होतं. नळीवर लेकीचं नाव होतं आणि आत बापाची बहीण होती.

थोरली बहीण तर कधीच गेलेली. राहिली एकच.

सहायकेला मी तक्त्यावरचा तो गोल बोटानं दाखवला. तिनं डोक्याला हात लावला. "आता वो माय," ती म्हणाली आणि हसू लागली. मीही हसले. ते हसू सुटकेचं होतं. मग लक्षात आलं की हसण्यासारखं त्यात फारसं काही नाही. सुनेचा निकाल अजून कुणालाच माहीत नव्हता, आणि जिनं तपासणीला नाही म्हटलं होतं तिचा निकाल माझ्या टेबलावर उघडा पडला होता.

मी भवानी पेठेत गेले. खाली माग चालू होते, वर जिन्यातूनसुद्धा एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. "बर्री, बर्री," म्हणजे या, या करत अक्कांनी मला आत नेलं, कडक भाकरी आणि चटणी पुढ्यात ठेवली. सून शाळेतून नुकतीच आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पांढरी पडली. मी घाईघाईनं म्हटलं, "निकाल नाही आणला. नमुना खराब झाला, पुन्हा द्यावा लागेल. आत्ता, माझ्यासमोर."

अक्का लगेच पुढे झाल्या. "द्या की हिकडं नळी, मोरीत जाऊन देईल ती." "नको अक्का," मी म्हटलं, "इथंच." सुनेनं पाठ फिरवून, पदराआड का होईना, नळी भरून दिली. ती मुलीला बघायला आत गेली तशी मी अक्कांकडे वळले. काही विचारावं लागलं नाही.

"तवाचं मी दिलं हुतं," अक्का म्हणाल्या. "श्रावणी सोमवार हुता. पोरीचा कडक उपास, पाणी सुदिक न्हाई. तोंड कोरडं पडलेलं. तुमचा माणूस तर सकाळी येणार. म्हटलं, माझं काय न तिचं काय. माझ्याच भावाची लेक. एकच रगत की."

मला इतका राग आला की भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "अक्का, एक नसतं रक्त!" मी ओरडलेच. मागांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसेल. "तुमच्या या एका नळीपायी तिनं दुसरं मूल होऊ दिलं नसतं. कळतंय का?"

त्यांना कळलं. मी बोलताना काय सांडून बसले हेही कळलं, माझ्याआधी. त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. "म्हंजे त्यात निघालं," त्या म्हणाल्या.  त्यांनी माझ्या ताटात आणखी चटणी वाढली आणि म्हणाल्या, "पोरीचं येऊ द्या आधी. मग बोलू."

पुढचे आठवडे कठीण गेले. सुनेचा रोज दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन यायचा. "मॅडम, आला का?" एवढंच. मी "नाही" म्हणायचे, ती "बरं" म्हणायची. मागून पोरांचा कालवा ऐकू यायचा. मी माणसांशी फार जवळीक करत नाही, काम बिघडतं. पण त्या दिवसांत मी स्वतःला देवळासमोरून जाताना चप्पल काढताना पकडलं आणि स्वतःवरच चिडले.

निकाल आला. सुनेत बिघाड नव्हता. पडताळणीही झाली. बाप बापच होता, लेक लेकच होती.

दोघी आल्या. मी सुनेला सांगितलं. ती आधी "पुन्हा सांगा" म्हणाली. मग तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि खूप रडली. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि फिरवता फिरवता माझ्या फायली दुसऱ्या हातानं रचत राहिल्या. सून तोंड धुवायला गेली तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, "अक्का, तो पहिला नमुना तुमचा होता. त्याचा निकाल तुम्हाला हवा आहे का? नको असेल तर मी सांगणार नाही."

"मला ठाव हाय तो," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर कुठल्याच रुग्णाच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही. त्या खूश होत्या. "बाई, आता खरं सांगते. उपास हुता खरा. पण तेवढ्यासाठी न्हाई दिलं मी. त्या दिवशी ती निजली व्हती. मी तिच्या तोंडावरनं हात फिरवला, बोटं मोडली, आन् मग नळीत थुकले. म्हटलं, निघायचं असंल ते माझ्यात निघू दे. आन् निघालं बगा."

मी काय बोलणार? मी बोललेच, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी त्यांना समजावलं की हे तुमच्या बोटांनी झालेलं नाही. तुमच्यात ते तुमच्या जन्मापासून आहे. आणि तिच्यात ते नाही, हे तिच्या जन्माआधीच ठरलं होतं, तेव्हा ना नळी होती ना श्रावण. त्यांनी सगळं ऐकलं. "तुमी शिकलेल्या," त्या म्हणाल्या. "व्हय म्हणते." त्या नुसतं माझं मन राखायला व्हय म्हणाल्या, हे मला कळलं नाही असं नाही.

घरात अक्कांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. मग त्यांच्या मुलाचीही तपासणी करावी लागली, कारण आता आईकडून त्याच्यात उतरायची निम्मी शक्यता होती. त्याच्यातही नव्हतं. दोन्ही नाणी सरळ पडली. असं नेहमी होत नाही, आणि जिथं होत नाही तिथं मला तोंड दाखवायला जावं लागतं, म्हणून इथं मी मनापासून खूश झाले. अक्कांनी ते नाणंही आपल्याच नावावर टाकलं. "दोघांचं बी मीच घेतलं," त्या शेजारणीला सांगताना मी स्वतः ऐकलं.

पण त्यांना स्वतःच्या तपासण्यांना न्यायचं म्हटलं की पुन्हा तेच. माझं काय आता, माझं समदं झालंय. सुनेनं समजावलं, मुलानं समजावलं, दुधनीहून भाऊ येऊन गेले. छातीच्या तपासण्या नियमित करायच्या होत्या आणि अंडाशय काढून टाकायचे होते. आईला होतं तेच, त्यामुळे थांबण्यात शहाणपण नव्हतं. शेवटी मी गेले. तासभर विज्ञान सांगितलं, काही उपयोग झाला नाही. मग मी चिडून म्हटलं, "अक्का, तुम्ही ते घेतलंत ना अंगावर? मग घेतलेलं निस्तरायचं कुणी? अर्धवट सोडलं तर ते परत कुठं जाईल?"

हे शास्त्राला धरून नव्हतं. माझ्या गुरूंनी ऐकलं असतं तर माझी पदवी काढून घेतली असती. पण अक्कांनी पदर खोचला आणि त्या म्हणाल्या, "कवा जायचं?"

छातीच्या तपासणीत काही निघालं नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी इस्पितळात गेले. माझं तिथं काही काम नव्हतं, मी त्यातली डॉक्टर नाही. अक्का हिरव्या झग्यात पलंगावर बसल्या होत्या, बांगड्या काढलेल्या, कपाळाची विभूतीही पुसलेली, त्यामुळे लहान दिसत होत्या. हाताला काम नव्हतं म्हणून चादरीची घडी घालत होत्या. सून शेजारी उभी होती. तिला दिवस गेले होते, पोट नुकतंच दिसू लागलं होतं.

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. अक्का उठायला लागल्या तशी सून पुढे झाली, वाकली आणि तिनं दोन्ही हात आत्याच्या गालांवरून फिरवले. ते हात ती स्वतःच्या कानशिलांकडे नेणार, तोच अक्कांनी तिची मनगटं घट्ट धरली. इतकी घट्ट, की बोटं मोडता येईनात.

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "माझं कुणी घ्यायचं न्हाई."

सून हात सोडवायला बघत होती, रडत होती, "आत्या, सोडा की" म्हणत होती. अक्का सोडत नव्हत्या. वॉर्डबॉय माझ्याकडे बघू लागला. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, आणि तिथं बाहेरची अशी मीच होते.

मी पुढे गेले. उभ्या आयुष्यात मी हे कधी केलेलं नव्हतं, करायला लाजच वाटली असती. अक्कांच्या गालांवरून मी हात फिरवले, स्वतःच्या चष्म्याच्या काड्यांवर बोटं टेकवली आणि मोडली. एकदोनच वाजली, मला सवय नाही.

अक्कांनी सुनेची मनगटं सोडली. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमाला काय व्हायचं न्हाई, बाई. तुमच्या आईनं घेतलं असंल की तुमचं."

मग स्ट्रेचर आत गेलं आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो.